क्लेम किनेअरचं नाव

विराबीनच्या मुख्य रस्त्यावर भर उन्हात, पायात नुसते मोजे घालून, रस्त्याच्या मधोमध उभी राहून एखादी बाई डोळे बारीक करून दुकानाच्या काचेकडे बघत असेल, तर ती व्हर्ना पास्को, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. गव्हाचे ट्रक तिला वळसा घालून जायचे. एखादा नवखा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, तेव्हा बँकेच्या पायरीवर बसलेले म्हातारे उलट त्यालाच ओरडायचे, “अरे बाबा, दम धर! ती शोकेस लावतेय!”

ट्रेझाइजचं कापडदुकान गावातलं सगळ्यात मोठं. मोठं म्हणजे दोन काचा आणि मधे दार. व्हर्ना तिथे कामाला लागली तेव्हा ती नुकती शाळेतून बाहेर पडली होती, आणि त्या काचांमागे काय होतं म्हणाल, तर काय नव्हतं! गिऱ्हाइकाला दिसलं नाही तर ते मागणार कसं, हा मिस्टर ट्रेझाइजांचा साधा हिशेब. त्यामुळे ब्लँकेटांच्या चवडी, कापडाचे तागे, लोकरीचे गुंडे, टोप्या, मोजे, परकर, सगळं एकमेकांच्या डोक्यावर चढलेलं. गावातले लोक त्या काचेसमोर थांबायचे ते स्वतःचा भांग बघायला.

एकदा मालक बलरॅटला बहिणीकडे गेलेले बघून व्हर्नाने एक अख्खी काच रिकामी केली. आत एकच पुतळा उभा केला, त्याच्या अंगात लाल कोट. शेजारी कोणाच्या तरी शेतावरचं मोडकं फाटक टेकवलं आणि पायाशी निलगिरीची वाळकी पानं पसरली. बस्स. मालक परत आले आणि दारातच थबकले.

“माझा माल कुठाय?”

“आत आहे, मिस्टर ट्रेझाइज.”

“आणि हा केर?”

“पानं आहेत. कोट विकला गेलाय. आणखी तिघीजणी विचारून गेल्यात, दुसरा येणार का म्हणून.”

मिस्टर ट्रेझाइजांनी पानांकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. “पानांना किंमत लावली नाहीस ते उपकार,” असं म्हणून ते आत गेले. त्या दिवसापासून दोन्ही काचा व्हर्नाच्या झाल्या.

तिला कोणी शिकवलं नव्हतं. मेलबर्नच्या मोठ्या दुकानांत ती आयुष्यात दोनदा गेली असेल. पण नजर अशी, की बेकरीवाल्या मिसेस वीटलीपासून औषधवाल्यापर्यंत सगळे तिचाच सल्ला घ्यायचे, आणि तीही हातचं राखून न ठेवता सांगायची. “मिसेस वीटली, चार केक एका ओळीत ठेवलेत तर ते रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. तीन ठेवा, आणि एक कापून ठेवा. आतला जॅम दिसू दे.” “गडद रंग खाली, फिका वर.” “डोळ्याला बसायला थोडी मोकळी जागा ठेवा हो, तोही दमतो.” “शेतकरी ट्रकमधून बघतो, त्याच्यासाठी एकच मोठी वस्तू. बायका चालत येतात, त्यांच्यासाठी बारीकसारीक, छातीच्या उंचीला.” शुक्रवारी आजूबाजूच्या शेतांवरून लोक गावात येतात, म्हणून गुरुवारी काच बदलायची. किमतीच्या पाट्याही ती स्वतःच लिहायची, ब्रशने, एका दमात, खाली डौलदार रेघ ओढून. हात तर असा, की एका नाताळच्या जेवणात तिने गंमत म्हणून बँकेच्या मॅनेजरची सही कागदावर उतरवली, आणि तो बिचारा जेवण होईपर्यंत हसला नाही.

शिवाय तिचं एक आवडतं वाक्य होतं, ते ती टाचण्या तोंडात धरूनच म्हणायची: “मागची बाजू कोण बघतंय?” ढगळ झगा पुतळ्याला घालायचा आणि पाठीमागे मूठभर टाचण्यांनी आवळायचा. शर्टाची इस्त्री फक्त पुढच्या भागाला. फाटका लॅम्पशेड भिंतीकडे तोंड करून. समोरून बरं दिसलं की काम झालं. यात लबाडी आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि झग्यांच्या बाबतीत ती नव्हतीच म्हणा.

आता त्या पिवळ्या पडद्याचं सांगायला हवं. ट्रेझाइजचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. बाहेर पत्र्याचा व्हरांडा आहे, तो दुपारपर्यंत सावली देतो. पण सूर्य उतरायला लागला की ऊन व्हरांड्याच्या खालून थेट आत शिरतं. विम्मेरा मुलखाचं ऊन ते, निळं कापड आठवड्यात पांढरं करतं. म्हणून अशा दुकानांत काचेच्या आतून पिवळ्या सेलोफेनचा पडदा असतो. दुपार झाली की तो खाली ओढायचा. त्यामागे सगळ्याच मालाला कावीळ झाल्यासारखं दिसतं, पण कोणाला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते व्हर्नाला. “सकाळभर मी रंग जुळवायचे आणि दुपारी या मेल्यानं त्यावर हळद ओतायची,” असं म्हणत ती रोज तो पडदा ओढायची. ओढायची मात्र रोज.

बासष्ट साली गावाने ‘विराबीनला परत या’ आठवडा ठरवला. शहरांत पांगलेले लोक त्या आठवड्यात गावी परतणार, शाळेत नाच, चर्चमध्ये जेवणं, आणि सगळ्या दुकानदारांनी आपापल्या काचांत गावातल्या घराघरांतून मागून आणलेल्या जुन्या वस्तू मांडायच्या. वर स्पर्धा. परीक्षक मेलबर्नहून येणार, आणि जिंकणाऱ्याच्या काचेवर निळी फीत लागणार. मिस्टर ट्रेझाइज, ज्यांना एके काळी पानं म्हणजे केर वाटला होता, ते आता दिवसातून दहादा विचारायला लागले, “काय मांडायचं ठरवलंस?”

व्हर्नाने ठरवलं होतं. तिला मिस किनेअरांचा टेबलक्लॉथ हवा होता.

आयल्सा किनेअर चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. पियानो शिकवायच्या आणि चुकलेल्या सुराला खुर्चीतून ‘हं’ असं म्हणायच्या, ते अर्ध्या गावाच्या कानात अजून आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यांच्या आईने रेडक्रॉससाठी तो टेबलक्लॉथ केला होता. तेव्हा तशी पद्धतच होती. शिलिंग द्यायचा आणि पांढऱ्या कापडावर आपलं नाव लिहायचं. मग घरची बाई ते लाल दोऱ्याने भरणार. लढाईवर निघालेल्या पोरांनी, त्यांच्या आयांनी, पाद्रीबुवांनी, सगळ्यांनी नावं लिहिली. मिसेस किनेअरनी सगळी भरली. एक सोडून. त्यांचा मुलगा क्लेम म्हणाला होता, माझं मी परत आल्यावर भर, मला बघायचंय. तो फ्रान्सच्या चिखलात गेला. थडगंसुद्धा नाही. आईने ते नाव भरलं नाही, पुढे बहिणीनेही भरलं नाही. एकोणचाळीसच्या वणव्यात त्यांचं शेतावरचं घर जळालं, त्यात क्लेमची सगळी पत्रं आणि फोटो गेले. टेबलक्लॉथ तेवढा चर्चमध्ये होता म्हणून राहिला. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलने, म्हणजे ओली केली की शाईसारखी उमटते त्या पेन्सिलने, लिहिलेलं एक वेडंवाकडं नाव, एवढाच क्लेम किनेअर जगात शिल्लक होता.

“मी हा कोणाला देत नाही,” मिस किनेअर म्हणाल्या. टेबलक्लॉथ त्यांच्या मांडीवर होता, कागदात गुंडाळलेला.

“ठाऊक आहे मला.”

“चर्चच्या बायकांनासुद्धा नाही दिला. त्या वर चहा सांडतील.”

“मी चहाचा थेंब जवळ आणणार नाही, मिस किनेअर.”

“मग तुला का देतेय सांगू? तू वस्तू कशा ठेवतेस ते मी बघितलंय. तू ठेवलेली बादलीसुद्धा माणसं थांबून बघतात. क्लेमला कोणी थांबून बघितलं नाही ग कधी. युद्धस्मारकावरच्या त्या यादीत एक ओळ आहे, संपलं.” त्यांनी गुंडाळी पुढे केली. “फक्त ऊन लागू देऊ नकोस, पोरी. त्या पेन्सिलीचा रंग कच्चा असतो.”

“छे, छे! पडदा आहे ना.”

व्हर्नाने जे मांडलं ते विराबीनने त्याआधी पाहिलं नव्हतं. काचेत एक चहाचं टेबल. त्याचे मागचे पाय विटांवर चढवले होते, म्हणजे टेबल रस्त्याकडे कललं आणि वरची लाल नावं बाहेरून वाचता यायला लागली. सहा कप, सहा बशा, चिकटवून बसवलेल्या. पाच खुर्च्या टेबलाला लागलेल्या, सहावी जराशी मागे ओढलेली, जणू कोणी आत्ताच उठून बाहेर गेलाय. आणि क्लेमच्या नावाचा कोपरा अगदी पुढे, काचेजवळ सोडलेला, बरोबर छातीच्या उंचीला. सगळी नावं लाल, तेवढं एक जांभळं. पाटी एकच, व्हर्नाच्या हातची: ‘तो परत आल्यावर भरायचं ठरलं होतं.’

लोक थांबले. गाडीतून उतरून थांबले. डोक्यावरच्या हॅट काढून थांबले. पर्थला स्थायिक झालेला एक म्हातारा काचेला कपाळ टेकून रडला, कारण त्याच्या दोन्ही भावांची नावं तिथे होती. मिस किनेअर सकाळी एकदा येऊन रस्त्याच्या पलीकडून बघून गेल्या. जाताना त्यांनी व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला.

परीक्षक सोमवारी दुपारी येणार होते. व्हर्नाने पडदा वर ठेवला. पिवळ्या उजेडात लाल दोरा विटकरी दिसायचा आणि जांभळं नाव तर दिसायचंच नाही, मळकट डागासारखं व्हायचं. परीक्षक आले नाहीत. निरोप आला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशीही दुपारची गर्दी होती. दुपारच्याच गाडीने तर पाहुणे यायचे. मग तिने पडदा परत वर ठेवला. पुढे परीक्षक येऊन गेले, तरी तो वरच राहिला, कारण आता लोक मुद्दाम बघायला येत होते, आणि आलेल्या लोकांना व्हर्ना पास्कोने लावलेली शोकेस हळद फासलेली दिसावी, हे व्हर्ना पास्कोला बघवत नव्हतं.

तिला माहीत नव्हतं असं नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. कापडदुकानात नवी आलेली पोरही पहिल्या दिवशी हेच शिकते. रोज दुपारी ऊन त्या कोपऱ्यावर चढताना तिने पाहिलं. रोज तिचा हात दोरीपर्यंत गेला. रोज बाहेरून कोणीतरी म्हणालं, “अहाहा, व्हर्ना!” आणि हात खाली आला. व्हरांडा आहे ना, असं तिने मनाला सांगितलं. इतक्यात काय होतंय, असंही सांगितलं. मनाला काय, जे सांगाल ते ऐकतं.

निळी फीत मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला. मिस्टर ट्रेझाइजांनी दुकानात सगळ्यांना लॅमिंग्टन केक वाटले.

आठवडा संपला, पाहुणे गेले, आणि सोमवारी सकाळी व्हर्ना बूट काढून, नुसत्या मोज्यांनी काचेत चढली. कप काढले, बशा काढल्या, आणि टेबलक्लॉथ उचलताना तिने तो कोपरा जवळून पाहिला. तिथे नाव नव्हतं.

आधी तिला वाटलं, आपण चुकीचा कोपरा धरलाय. तिने चारही कोपरे पाहिले. शेजारच्या लाल नावांना काहीही झालं नव्हतं, ती कालच भरल्यासारखी होती. त्यांच्यामधे पांढरं कापड. उजेडात तिरकं धरलं की पेन्सिलीचे दोन-चार राखाडी ओरखडे दिसायचे, सरळ धरलं की तेही नाही. बाहेरून बेकरीवाल्या मिसेस वीटलीने काचेवर टकटक करून हात हलवला, आणि व्हर्नाने टेबलक्लॉथ छातीशी धरून हसून हात हलवला. ते हसू तिला पुढे कितीतरी वर्षं आठवायचं आणि कानशिलं गरम व्हायची.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. गल्ली चर्चच्या मागे, चालत किती लागतं? ती निघालीसुद्धा. पोस्टापर्यंत गेली, आणि पोस्टातून कॉपिंग पेन्सिल विकत घेऊन परत आली.

दुकानाच्या मागच्या खोलीत, जेवायच्या सुट्टीत, कडी लावून ती बसली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं आणि ओरखड्यांवरून जायचं. काही अक्षरं ओरखड्यांत सापडली, काही सापडली नाहीत, ती अंदाजाने घातली. क्लेमचं अक्षर गचाळ होतं हे तिला आठवत होतं. गचाळ काढायचा तिने खरंच प्रयत्न केला, पण पाट्या लिहून लिहून तिचा हात इतका वळणदार झाला होता, की वाकडं अक्षरही तिच्या हातून देखणं वाकडं यायचं. नावाखाली काहीतरी रेघ होती खास. कुठून कुठे, ते समजेना. तिने स्वतःच्या मनाने ओढली. मग पावाचा मऊ गर फिरवून नवी चकाकी घालवली, कोपरा दूर धरला आणि डोळे बारीक करून पाहिला. छान दिसत होतं. छान दिसतंय असं आपल्या मनात आलं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

संध्याकाळी नवरा लेस गव्हाच्या कोठारावरून घरी आला आणि तिच्याकडे बघून खो खो हसला. “काय ग, बक्षीस मिळालं म्हणून शाई प्यालीस की काय? ओठ बघ आरशात!”

“पाट्या लिहीत होते.”

“जिभेनं?”

ती मोरीत गेली आणि ओठ सोलवटेपर्यंत घासत राहिली.

टेबलक्लॉथ परत द्यायला जाताना तिची खात्री होती, की मिस किनेअर ओळखणारच. ओळखावं, असंही कुठेतरी वाटत होतं. मिस किनेअरनी गुंडाळी उघडली, तो कोपरा शोधला, चष्मा पुसला आणि परत लावला.

“अग बाई,” त्या म्हणाल्या, “काल लिहिल्यासारखं दिसतंय. मी एवढी वर्षं कपाटात कोंडून ठेवलं म्हणून मला ते फिकट वाटायचं की काय? जरा मोकळी हवा लागली तर बघ कसं उठून दिसतंय!”

व्हर्नाने तोंड उघडलं. “हो,” एवढंच त्यातून बाहेर पडलं.

“बस. जॅम लावून खायला स्कोन केलेत. तुझ्यासाठीच केलेत.”

ती बसली आणि तिने स्कोन खाल्ले. दोन खाल्ले.

तिथून पुढे जे झालं ते शिक्षा म्हणून कोणी दिलं असतं तर बरं, पण ते प्रेमाने दिलेलं होतं. मिस किनेअरना व्हर्ना आवडायला लागली. ‘माझ्या क्लेमला लोकांसमोर आणणारी पोर’ अशी तिची ओळख त्या करून द्यायच्या. दर रविवारी चहाला बोलावणं. पंचवीस एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी, पहाटे स्मारकापाशी सगळं गाव जमायचं, तेव्हा मिस किनेअर तिच्या दंडात हात अडकवून उभ्या राहायच्या. एका वर्षी तिने तिथेच सांगायचं ठरवलं होतं. बिगुल वाजला, सगळे गप्प झाले, आणि मिस किनेअर तिच्या कानाशी म्हणाल्या, “आज मला एकटं वाटत नाही.” झालं, तेही वर्ष गेलं.

टेबलक्लॉथ आता कपाटात नसायचा. मिस किनेअरनी तो पलंगाशेजारच्या लहान टेबलावर घातला होता, क्लेमचा कोपरा उशीकडे. “झोपताना मी बोट फिरवते त्यावरून,” त्यांनी एका रविवारी सहज सांगितलं, “आणि म्हणते, झोप आता. लहानपणी म्हणायचे तशी. वेडेपणा आहे ना?”

“नाही हो.”

“आई त्याच्या अक्षराला सारखी नावं ठेवायची. कोंबडीचे पाय म्हणायची. उगाच! किती डौल आहे बघ. आणि ती खालची रेघ! चालायचा तो तसाच, जरा मिजाशीत.”

व्हर्ना कपातल्या चहाकडे बघत राहिली. घरी जाऊन तिने लेसला ताट वाढलं, स्वतः जेवली नाही, आणि डोकं दुखतंय म्हणाली. रविवारी तिचं डोकं दुखतं, हे लेसनेही मग धरूनच ठेवलं.

शोकेस ती लावतच होती. काम चोख, नावं ठेवायला जागा नाही. पण रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची ती बंद झाली, आणि पिवळा पडदा सकाळीच खाली यायला लागला. मिस्टर ट्रेझाइज कुरकुरले, “अग, ढग आलेत आज, कशाला ओढतेस?” ती उत्तर द्यायची नाही. स्पर्धेचं नाव काढलं की उठून आत जायची. ‘तो परत आल्यावर भरायचं ठरलं होतं’ ही पाटी मालकांनी कौतुकाने गल्ल्याच्या मागे लावली होती. ती एक दिवस नाहीशी झाली. उंदरांनी नेली असेल, असं व्हर्ना म्हणाली. उंदरांची ही गोष्ट कोणाला खरी वाटली असेल असं वाटत नाही, पण कोणी बोललं नाही.

सत्तर साली मिस किनेअर अंथरुणाला खिळल्या. दृष्टी जवळजवळ गेली होती. शेजारणी आळीपाळीने जेवण आणायच्या, आणि व्हर्ना दुकानातून रोज तिथे जायची. एका दुपारी तिने सूप भरवलं, तोंड पुसलं, तेव्हा मिस किनेअर म्हणाल्या, “त्या खणात लाल दोरा आहे. आईचाच. काढ.”

व्हर्नाने काढला.

“क्लेमचं नाव भर.”

“मी?”

“मग कोण? माझे डोळे गेले. आई थांबली, मीही थांबले, कशासाठी ते देव जाणे. तो काही यायचा नाही. मी गेल्यावर हे चर्चला जाईल, तिथल्या त्या बायका धुतील आणि ते नाव निघून जाईल. दोऱ्याने पक्कं केलं की कुठे जात नाही. तुझ्यासारखा हात गावात नाही. भर, मी इथे आहे तोवर भर. मला ऐकू दे सुई.”

व्हर्नाने सुईत दोरा ओवला. कोपरा हातात घेतला. नाव लिहिल्यापासून आजवर ती फक्त गप्प बसली होती, आणि गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता एकेक टाका घालून ते खोटं लाल दोऱ्याने कायमचं पक्कं करायचं होतं, आणि समोर ही बाई डोळे मिटून कान देऊन पडलेली. तिने सुई खाली ठेवली.

“मिस किनेअर, हे नाव मी लिहिलंय.”

“काय म्हणालीस?”

“त्या आठवड्यात क्लेमचं नाव उन्हानं उडालं. मी पडदा ओढला नाही. मुद्दाम नाही ओढला. छान दिसावं म्हणून. नंतर त्या जागी मीच लिहिलं.” तिने हातातला कोपरा सोडला. “मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्कोन खात बसले.”

मिस किनेअरचा हात टेबलक्लॉथवर होता. त्यांनी तो हळूच उचलला आणि पांघरुणावर ठेवला.

“सगळं नाव?”

“थोडे ओरखडे उरले होते. त्यांच्यावरून गेले. बाकी माझं.”

“खालची रेघ?”

“ती माझीच.”

बाहेर कोणाचं तरी फाटक वाजलं आणि बंद झालं. व्हर्ना वाट बघत होती. त्यांनी ओरडावं, चालती हो म्हणावं, मघाचं सूप अंगावर फेकावं. तिला ते सगळं चाललं असतं. तिची मान इतकी खाली गेली होती, की तिला फक्त स्वतःचे बूट दिसत होते.

“रोज रात्री मी त्याच्यावर बोट फिरवते, हे तुला ठाऊक होतं,” मिस किनेअर म्हणाल्या.

“हो.”

“आणि तरी रविवारी येत होतीस.”

“हो.”

मिस किनेअरच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या, काहीतरी शोधल्यासारख्या. मग त्या बोलल्या, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“मी आत्ता त्याचं खरं अक्षर आठवायला बघतेय, व्हर्ना. कोंबडीचे पाय म्हणायची आई, ते आठवतं. आईचा आवाज आठवतो. पण अक्षर डोळ्यांपुढे येतच नाही. तुझंच येतं.”

माफीचे शब्द व्हर्नाने वर्षानुवर्षं घोकून ठेवले होते. ते आता म्हणणं म्हणजे त्यांच्याकडे आणखी काहीतरी मागणं होतं, आणि घ्यायचं ते सगळं तिने आधीच घेतलं होतं.

“भरू का मग?” शेवटी तिने विचारलं, अगदी हळू.

“नको.” मिस किनेअरनी तोंड भिंतीकडे वळवलं. “घडी घालून ठेव. मला जरा पडू दे.”

व्हर्नाने सुईतला दोरा काढून रिळावर गुंडाळला आणि रीळ खणात ठेवलं. मग टेबलक्लॉथ उचलून पलंगाच्या पायाशी त्याची घडी घातली, कडेला कड जुळवून. घडी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हाताने आपल्या सवयीने नाव बरोबर वर आणलं होतं, मधोमध, दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं. तिने सगळी घडी मोडली, आणि ते नाव अगदी आत जाईल अशी पुन्हा घातली.